ज्याचं छप्पर फोडलं तो मी

चि. बारक्यास मधल्या भावाचा सप्रेम सलाम. (पन्नाशी उलटलेल्या माणसाला चिरंजीव लिहिताना हात अडखळतो, पण धाकटा तो धाकटाच.) तुझा गुडघा कसा आहे ते कळव. आम्ही सर्व खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो, तसं काही नाही.

दादा कामावर छपरावरून पडला, हे तुझ्या कानावर आलंच असेल. पाठ वाकता कामा नये, न्यायचं तर फळीवर आडवं न्या, असं डॉक्टरांनी बजावलं. त्याची खोली माडीवर, आणि आपला जिना तर अर्ध्यातच वळतो. पण माडीचं छप्पर तेव्हा घालायचं बाकी होतं, म्हणून मी डोकं लढवलं आणि दादाला फळीसकट दोरांनी उघड्या भिंतींवरून माडीवर घेतला. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. मग मी हौसेनं त्याच्यावर छप्पर घातलं. कौलाला कौल असं बसलंय की थेंब गळत नाही. आता याला खाली कसा आणायचा, हे आपल्यासारख्या पिढीजात छपरं घालणाऱ्यांच्या घरात एकालाही सुचलं नव्हतं.

दादाला ऐकू यावं म्हणून प्रार्थनेची बैठक आता आपल्याच खालच्या खोलीत भरते. (पाळकसाहेब वचन चुकले की वरून काठी आपटते.) परवा त्यांनी त्या पक्षाघाती माणसाची गोष्ट वाचली. गर्दीमुळे दारातून जाता येईना, तेव्हा चौघांनी छप्पर उघडून त्याला बाजेसकट येशूसमोर खाली सोडलं आणि तो उठून चालू लागला. या गोष्टीत तुम्ही कोण, असं पाळकसाहेबांनी विचारलं. बेकरीवाला म्हणाला मी त्या चौघांतला, शिंपीही चौघांतलाच, आणि बघता बघता अख्खी खोली बाज उचलायला लागली. माझी पाळी आली. मी म्हणालो, ज्याचं छप्पर फोडलं तो मी. बिचाऱ्याच्या भरपाईबद्दल शुभवर्तमानात अवाक्षर नाही. खोली हसून लोटपोट झाली. वर मात्र काठी वाजली नाही.

जेवण घेऊन गेलो तर दादा भिंतीकडे तोंड करून पडलेला. म्हणाला, “छप्पर छान झालंय. फोडू नकोस.” त्यानंतर तो बोललेला नाही. बारक्या, मला फार वाईट वाटलं, अजून वाटतंय. त्याला नुसतं खाली अंगणात पडून राहायचं होतं, येणाजाणाऱ्यांशी भांडायचं होतं. मी ते चेष्टेवारी नेलं. (चेष्टा तरी कसली, आतून मी कौलांचाच विचार करत होतो.) बेकरीवाला दुसऱ्या दिवशी खरोखरच दोर घेऊन आला, तर मी हवेचं कारण सांगून त्याला वाटेला लावलं. एकूण विचार करता, छपराला आत्ताच हात लावणं शहाणपणाचं नाही, असं माझं मत आहे.

तुझा,
मधला

ता. क. वरचं शेवटचं वाक्य वाचू नकोस. पत्र टाकायचं राहिलं होतं, तेवढ्यात आज सकाळी मी कौलं उतरवली. दादाने तोंड उघडलं ते शिव्या द्यायलाच. मी चुकीच्या बाजूनं सुरुवात केली म्हणे.

ता. क. दोर चार आहेत आणि माणसं तीन: बेकरीवाला, शिंपी आणि मी. तू छपरांचं काम का सोडलंस ते मला ठाऊक आहे. तू मारलेली प्रत्येक गाठ दादा चारचौघांत सोडून पुन्हा मारायचा. चौथा दोर कुणाला देऊ म्हणून मी त्यालाच विचारलं. उघड्या आभाळाकडे बघत तो म्हणाला, “बारक्याला लिही. त्याची गाठ मी सोडणार नाही.”