खालच्या पानाचा आवाज

अण्णा, तुमच्यावरचा राग जुनाच आहे, पण काल इथे परदेशात, पुंगोलच्या घरात, तो जेवणाच्या टेबलाशी पुन्हा येऊन बसला. तुमची नात बँकेतली नोकरी सोडून पोकर खेळणार आहे, पोटापाण्यासाठी. मला समजावत होती की पूर्वी अमेरिकेत नदीवरच्या बोटींत फिरून पत्त्यांवर जगणारे सगळे भामटेच, खुणा केलेली पानं, बाहीत एक्का, कमरेला पिस्तूल, आणि पोकरचे पहिले प्रोफेशनल म्हणजे हेच. "आता तसं नाही, पप्पा. आता सगळं मॅथ्स आहे, लाह," इथल्या पोरांसारखी बोलण्याला शेपटी लावत ती म्हणाली. गिऱ्हाइकासमोर हसतो तसा मी हसलो. बोटींपर्यंत कशाला जातेस पोरी, घरातलंच बघ, हे ओठांवर आलं होतं. पण तिच्या लेखी आजोबा ट्रान्सपोर्टमध्ये होते. तुमचं हे खोटंही मीच सांभाळत आलोय.

समोरचा भाव सांगताना कुठे अडखळतो ते मला ऐकू येतं. त्या कानांवर इथे धंदा उभा केला. लोक विचारतात, कुठे शिकलात? काय सांगू? स्वयंपाकघरात आई पोळ्या लाटतेय, मी नऊ वर्षांचा, भिंतीकडे तोंड करून बसलोय आणि पाठीमागे तुम्ही पानं वाटताय. वरचं पान सुळकन सुटतं, गड्डीच्या तळाचं चोरून ओढलं की किंचित घासतं. "आला आवाज?" आला म्हटलं की पुन्हा पहिल्यापासून. मला ऐकू येईनासं झालं की मगच तुम्ही डावाला निघायचात. पोटच्या पोराला कोणी असं वापरतं, अण्णा? मामाची पिठाची गिरणी तुम्ही त्याच हातांनी जिंकलीत. जिंकलीत कसली, लुबाडलीत. त्यानंतर मामा भाऊबीजेला आला नाही. आई मात्र दरवर्षी ओवाळणीचं ताट मांडून दाराकडे बघत बसायची.

अशाच एका भाऊबीजेला सकाळी पानं वाटून तुम्ही विचारलंत, आला आवाज? मी नाही म्हणालो, तुम्ही डावाला गेलात. दुपारी डावावरून लोकांनी तुम्हाला घरी आणलं ते उजवा हात टॉवेलात गुंडाळून. बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत. त्याबद्दल मला तुम्ही कधीच काही विचारलं नाहीत.

आज मुलगी पत्ते पिसत होती. मध्येच थांबून म्हणाली, "पप्पा, तुम्ही डोळे मिटून काय ऐकताय?" मी चहा टाकायला उठलो. तिला अडवायचं तर तुमचं सगळं सांगावं लागेल, आणि तुमचं सांगायचं तर माझंही.

त्या सकाळी आवाज आला होता, अण्णा. स्वच्छ आला होता.