वीरसिंगबाबांचा जबाब

९ जून, सोमवार
मूर्ख आहे मी! नवा जबाब करायचा तर जुनीच फाईल उघडायची, नाव बदलायचं, आतला मजकूर बदलायचा आणि वेगळ्या नावाने सेव्ह करायचं — संस्थेत सगळे असंच करतो. आज करमसिंगचा जबाब केला आणि वेगळं नाव द्यायलाच विसरले. वीरसिंगबाबांची फाईल होती ती! बाबा तर होळीनंतर वारले. आता कुणाला विचारू?

शुक्रवारी इथे धडगावात वनहक्काची सुनावणी. बाबांनी कसलेली जमीन दिवलीबाईंना, त्यांच्या बायकोला, मिळायची तर हा जबाब हवाच.

१० जून
आमचा सर्व्हर म्हणजे तळोद्याच्या ऑफिसातला एक जुना कॉम्प्युटर. प्रत्येक फाईलच्या आधीच्या आवृत्त्या ठेवतो. यादी उघडली — कालच्याच दोन, दोन्ही करमसिंगच्या. हेमकांत तो सांभाळतो, त्याच्यावरच ओरडले. तो शांतपणे म्हणाला, "डिस्क भरी गयी व्हती, ताई. जागा नही ऱ्हायनी का मशीन जुनं आपोआप पुसी टाकस. काठी गावनी होळीना फोटो कोन टाकात?"
मीच. चारशे! चोर सोडून संन्याशाला फाशी.

११ जून
दिवलीबाई पाड्यावरून उतरून आल्या. "म्हातारा तुला सगळा बोलला. तू लिवला ना?" मी हो म्हटलं. जानेवारीत दोन तास बोलले होते बाबा. कोणता नाला, कोणतं महूचं झाड, दर होळीला कोंबडी नेणारा तेव्हाचा फॉरेस्ट गार्ड कोण. त्याचं नावसुद्धा मला आठवत नाही. लाज वाटते स्वतःची.

१२ जून
काही होणार नाही आता.

१२ जून, संध्याकाळ
हेमकांतचा फोन! फेब्रुवारीत त्याने वेगळ्या डिस्कवर सगळं उतरवून ठेवलं होतं. "तीमा बाबानी फाईल शे. सकाळी धाडी देस."
रडले. जेवलेही.

१३ जून, शुक्रवार
फाईल आली. दिवलीबाई बाहेर बसल्यात. वर नाव वीरसिंगबाबांचं. खाली सगळा मजकूर गुलाबसिंगच्या जुन्या जबाबाचा — त्याचा नाला, त्याची आंब्याची झाडं. आता आठवलं. जानेवारीत त्या दिवशी शेवटची जीप सुटत होती, जुन्या फाईलवर नाव तेवढं बदललं, बाकीचं घरी जाऊन टाईप करू म्हटलं.
जबाब पुसला गेलाच नव्हता. मी तो कधी लिहिलाच नव्हता.