पाण्याच्या कडेची पऱ्हाटी

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आज मी तुम्हाला खाडीबद्दल लिहायला बसलो आहे. कारण माझी मुलगी. ती जन्मली तेव्हा तुम्ही नव्हता. जावयाच्या नोकरीमुळे ती आता खाडीकाठी राहते, आणि परवा तिचं पत्र आलं. ओहोटी लागली की तिची मुलं खाली उतरतात, शिंपले वेचतात, चिखलात घसरगुंड्या खेळतात. काळजी करू नका, असं तिनं मुद्दाम लिहिलं आहे. पाण्याच्या कडेला काठी रोवलेली असते आणि थोरली नात त्या काठीवर नजर ठेवते. 'ही तुमच्याच बाबांची युक्ती, लहानपणी तुम्हीच मला सांगितली होती,' असंही पुढे आहे. अकोल्यात भर दुपारी ओट्यावर बसलो आहे, आणि खाडीत आत्ता पाणी चढतंय की उतरतंय, एवढंच डोक्यात घोळतं आहे.

तो कापसाचा हंगाम तुम्ही विसरला नसाल. दूर कुठल्या देशात लढाई जुंपली होती आणि इकडे आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. ज्याच्याकडे बैल होते तो घाट उतरून बंदराकडे निघाला. आपल्या गावच्या नऊ गाड्या होत्या आणि पुढची गाडी तुमची, कारण पूर्णेचा उतार तुमच्याइतका कोणाला कळत नव्हता. बाळापूरकडचे गाडीवानसुद्धा नदीवर थांबून तुमची वाट बघायचे. तुम्ही पाण्याच्या कडेला एक पऱ्हाटी, म्हणजे कापसाच्या झाडाची वाळकी काडी, रोवायचे, चिलीम ओढून होईपर्यंत तिच्याकडे बघत बसायचे आणि मग म्हणायचे, "चाला." तुमचा शब्द कधी खोटा ठरला नाही. मी एकोणीस वर्षांचा, नुकतंच लग्न झालेला, आणि अशा बापाचा मुलगा म्हणून तोऱ्यात चालणारा.

आपण कापूस बंदरात उतरवला आणि रिकाम्या गाड्या घेऊन खाडीकाठी आलो. समोर मैलभर नुसता चिखल पसरलेला. कडेला तिवरांची झाडं, त्यांची मुळं चिखलातून बोटांसारखी वर आलेली. लांब गुलाबी पायांचे पक्षी माना खाली घालून काहीतरी चाळत होते, आणि पायाखाली निवट्या, म्हणजे चिखलावर चक्क उड्या मारत चालणारे मासे. मासा पाय फुटल्यासारखा चालतो हे बघून मी येडाच झालो होतो. तुम्ही मात्र जमीन बघत होता. चिखलाच्या पलीकडे वाळूचा कोरडा पट्टा होता आणि त्याच्या अलीकडे उथळ घळ. उन्हाळ्यात आपण पूर्णेच्या पात्रात मुक्काम करतो तसे तुम्ही आपले दोन्ही बैल, ढवळ्या आणि पवळ्या, त्या पट्ट्यावर नेऊन बांधले. तिथं वारा होता आणि माशा नव्हत्या. कडेला एक कोळीण जाळं सुकवत होती. पाणी येईल, बैल आणा, असं ती एकदा म्हणाली. तुम्ही हसून मान हलवली, गाडीतली पऱ्हाटी काढली, घळीच्या तोंडाशी पाण्याच्या कडेला रोवली आणि मला म्हणाला, "पानी पऱ्हाटीले लागलं का मले हाक मारजो." मग काठावर भाकरी खायला बसलात.

मी थोडा वेळ बसलो, बाबा, खरंच बसलो. मग त्या कोळणीचा नवरा होडी घेऊन आला आणि फेरी मारायची का म्हणाला. मी जन्मात होडीत बसलो नव्हतो. वाटलं, नदीचं पाणी चढायला अर्धा दिवस लागतो, आपण आत्ता येऊ. त्यानं मला तिवरांच्या आत नेलं, खेकड्यांची बिळं दाखवली, पाण्यात हात घालून खारट बोटं चाटायला लावली. मी लहान पोरासारखा हसत होतो. परत आलो तर पऱ्हाटी गुडघाभर पाण्यात उभी. तेव्हाच हाक मारली असती तर बैल निघाले असते. पण तुम्ही चारचौघांत बोलाल, एवढीच भीती वाटली. मी काडी उपटली आणि नव्या पाण्याच्या कडेला नीट रोवली. तुम्ही लांबून एकदा बघितलंत. काडी पाण्याच्या कडेलाच होती. तुम्ही पुन्हा बोलण्यात रमलात.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही उठलात तेव्हा घळ भरली होती. तुम्ही छातीभर पाण्यातून गेलात, ढवळ्याचा कासरा सोडलात, पण पवळ्या चिखलात पोटापर्यंत रुतला होता. तुम्ही त्याला सोडेनात आणि पाणी तुमच्या गळ्याशी आलं. ती कोळीण चिखलावर फळी सरकवत गेली आणि तिनं तुम्हाला ओढून काढलं. पवळ्याचं तोंड किती तरी वेळ पाण्यावर दिसत होतं. तुम्ही काठावर बसून मला विचारलंत, "तुह्यं ध्यान होतं ना?" मी म्हणालो, होतं. तुम्ही म्हणालात, "मंग माह्याच डोयानं दगा देल्ला."

त्यानंतर पूर्णेवर गाडीवान थांबायचे, तुमच्याकडे बघायचे, आणि तुम्ही म्हणायचे, "मले नोका इचारू, बाप्पा." पुढे ते विचारीनासे झाले. तुमची नजर शाबूत होती, बाबा. तुम्ही मरेपर्यंत मी ते बोललो नाही, आणि मुलीला गोष्ट सांगतानासुद्धा आजोबांची नजर चुकली असंच सांगितलं.

म्हणूनच आता कोंडी झाली आहे. मुलांना खाली सोडू नको असं मी तिला मागे एकदा लिहिलं होतं. तिचं उत्तर आलं, आजोबा परमुलखातले होते म्हणून चुकले, इथल्या लोकांना पाणी कळतं. काठी फसवते अशी भीती तिला घालून उपयोग नाही. काठीजवळ बसवलेल्या पोरीचं मन एखाद्या चालणाऱ्या माशात गुंतलं तर ती काय करेल, हे मला माहीत आहे, आणि का माहीत आहे ते सांगितल्याशिवाय ते लिहिता येत नाही.

तुम्हाला एवढं सगळं लिहून झालं, कारण तुम्ही वाचणार नाही. मुलीसाठी घेतलेला कागद सकाळपासून शेजारी पडला आहे. त्यावर अजून फक्त 'अनेक आशीर्वाद' एवढंच लिहिलं आहे.