आर्नेची हाक

अहो,

तुम्हाला पत्र लिहायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं. भाजीसुद्धा तोंडीच सांगायचे, आणि तुम्ही निम्मी विसरून यायचात. पण आज मी घाबरलेय, आणि घाबरले की तुम्हालाच सांगायची सवय आहे. काल आर्नेची हाक आली नाही.

वरच्या खोलीतलं तुमचं हॅम रेडिओचं दुकान मी चालूच ठेवलंय. पुण्याहून चिन्मय म्हणतो, आई, आता ते बंद कर. कसं करू? अन्नपूर्णा भागातल्या या घरातून वायरलेस सेट इंटरनेटला जोडून तुम्ही जगभर गप्पा मारायचात, आणि शेजाऱ्याचं नाव मला विचारायचात!

संध्याकाळच्या चहाला सेटवर नॉर्वेहून आर्ने यायचा. एकटा म्हातारा, डोळ्यांनी अधू. एकाचं बोलणं संपलं की दुसरा बटण दाबण्याआधी क्षणभर थांबायचा. कुणी संकटात असेल तर त्याला मध्ये शिरायला जागा, असं तुम्ही समजावलं होतं. त्या जागेत मी "चहा निवतोय" म्हणून ओरडायचे.

तुम्ही गेलात तरी तो येतच राहिला. तुमचा कॉलसाईन, म्हणजे रेडिओवरचं तुमचं नाव, उच्चारायचा, थांबायचा, पुन्हा उच्चारायचा. मी दारात कप घेऊन उभी. लायसन्स नसताना माईकला हात लावायचा नाही, ही तुमचीच ताकीद ना? मग काय करणार होते? हल्ली त्याचा खोकला वाढला होता. काल तर काहीच नाही. पडला असेल का हो? दार कोण उघडेल त्याचं?

शेवटी छत्रीबागेतल्या शर्माजींना फोन केला. त्यांच्याकडे लायसन्स आहे. म्हणाले, "भाभीजी, डरो मत, आज मैं बुलाता हूँ।" आर्ने बोलला नाही तर त्याच्या गावाजवळचे हॅमवाले शोधून त्यांना दार ठोठावायला सांगणार आहेत. बोलला, तर तुमची बातमी देतील. तुम्हा हॅमवाल्यांत वारलेल्या माणसाला 'सायलेंट की' म्हणतात म्हणे. हा शब्द तेवढा मला कधी सांगितला नाहीत.

खरं सांगू? तो आला नाही तर, ही भीती आहेच. पण आला तर, याचीही आहे. जगात हा एकच माणूस उरलाय, ज्याच्या लेखी तुम्ही नुसते खाली चहाला गेला आहात. आज तसा तोही राहणार नाही.

तरी म्हाताऱ्यानं हाक मारत राहायचं आणि आपण गप्प बसायचं, हे आता मला सोसवत नाही.

बेल वाजली. शर्माजीच असतील. ते सांगतील तेव्हा मी तुमच्या खुर्चीला धरून उभी राहीन, खाली पळून येणार नाही. आणि लायसन्सच्या परीक्षेचं पुस्तकही मागवलंय त्यांच्याकडून. या वयात? हसा, हसा. पास झाले की माझ्या स्वतःच्या कॉलसाईननं बोलेन, आणि बोलून झालं की क्षणभर थांबेन, न चुकता. काय सांगावं, कुणाला मध्ये शिरायचं असेल.

तुमचीच,
सुनंदा