तळहातावरचा देव

अव्वा, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी एक विचारायचं राहूनच गेलंय. लहानपणी मी तुझ्यावर पाळत ठेवायचे, हे तुला ठाऊक होतं का? आत्यानंच सांगितलं होतं मला. "तुझी आय रोज सकाळी त्या लिंगाशी कानडीत काय कुजबुजती, बघ बरं. आपल्यालाच शिव्याशाप देत असंल." निजामाच्या मुलखातल्या आपल्या वाशीच्या घरात तुझ्याशिवाय कुणालाच कानडी येत नव्हतं. चुलीला पोतेरं झालं की तू गळ्यात बांधलेलं वस्त्र सोडतेस, इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतेस आणि पाण्याचा थेंबही न पिता त्याच्याशी बोलत बसतेस. मी दाराआड. मला कळतो तो एकच शब्द, 'नीने'. म्हणजे तूच. माझ्याआधीची तुझी दोन लेकरं गेली होती. येरमाळ्याच्या येडेश्वरीला नवस बोल म्हणून आत्या मागं लागायची, तू ऐकायची नाहीस. तुझ्या हट्टापायीच ती गेली, असं आत्याला वाटायचं. हळूहळू मलाही वाटू लागलं.

रझाकारांच्या धामधुमीत आपण बैलगाडीनं निजामाची हद्द ओलांडून बार्शीकडच्या छावणीत आलो, आणि तिथं माझ्या धाकट्या भावाला ताप भरला. आत्या म्हणाली, "आता तरी देवीला बोल." तू म्हणालीस, "वन्सं, तुमी बोला, मी आडवी येत न्हाय. पर मला दुसऱ्या कुणाफुडं हात पसरता येत न्हाय." आत्यानं नवस बोलला. डॉक्टरचं औषधही झालं. धाकटा गेलाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी झोपेचं सोंग घेऊन तुझ्याकडं बघत पडले आहे. आज ही लिंग भिरकावणार, अशी माझी खात्री. तू अंघोळ करून आलीस आणि ते तळहातावर घेतलंस. आत्या ओरडली, "पोर गिळलं त्यानं, अन् तू त्यालाच पुजती?" तुझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं. आमच्यापेक्षा हिला तोच प्यारा, असं मी मनात पक्कं केलं. तू मान वर न करता बोललीस, "पहिली दोन गेली तवा समद्यांनी मला पांढऱ्या पायाची म्हनलं. तुमच्या भावानंबी तोंड फिरवलं. ह्यो एकटा माझ्यापाशी बसून राहिला, वन्सं. रडून रडून माझे डोळे आटले तरी उठला न्हाय. आज त्याला खाली कसा ठिवू?" मग तुझा हात खाली कलू लागला. आत्यानं पुढं सरकून तुझ्या हाताखाली आपला हात धरला.

हे पत्र कुठं धाडायचं नाही, धाडणार तरी कुठं. तुझ्यावरचा संशय त्या सकाळीच गेला. त्याच्यावरचा अजून आहे. माझ्या गळ्यातही लिंग आहे, सवयीनं बांधते, बोलत काही नाही. खरं सांगू, अव्वा? मला अजून त्याचा हेवा वाटतो.