खुर्चीभोवतीची जागा

दि. १२ जुलै

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पोचल्याचं पत्र पाठवायला इतका उशीर केला, तेव्हा आधी कान पकडते. दात दोन्ही वेळा घासते आणि गोड खाल्लं की चूळ भरते, हे वाचून तरी तुझ्यातली दातांची डॉक्टरीण विरघळेल अशी आशा आहे. तू बाबांच्या मागे हात धुऊन लागलीस म्हणून मी आज चित्रकलेच्या पहिल्या वर्षाला आहे, हे मी रोज आठवते. स्टुडिओ झाडतानाही आठवते. पहिल्या वर्षाला आधी झाडू मिळतो, ब्रश मागाहून.

सोमवारी रेखाटनाचा तास होता. सरांनी मधल्या चौथऱ्यावर एक जुनी लाकडी खुर्ची ठेवली आणि आम्ही बाराजण गोल करून बसलो. सर म्हणाले, खुर्ची काढायचीच नाही. तिच्या भोवतीची, दांड्यांमधली, पायांमधली रिकामी जागा तेवढी कोळशाने काळी करा, खुर्ची आपोआप पांढरी उरेल. ऐकायला सोपं वाटतं, पण डोळ्यांना घाम फुटतो.

तास संपल्यावर कागद भिंतीला लावले आणि सरांचा पारा चढला. बाराही कागदांवर खुर्चीबरोबर एक माणूस पांढरा उरला होता. बसलेला, एक पाय खुर्चीच्या पायामागे अडकवलेला, एक हात वर. मला तो समोरून, दारापाशी बसणाऱ्या मुलाला पाठमोरा, बाकीच्यांना ज्याच्या त्याच्या बाजूने. सरांना वाटलं, आम्ही संगनमत करून त्यांची टर उडवतोय. शपथेवर सांगते, प्रत्येकाने दिसली तेवढीच रिकामी जागा काळी केली होती. वर्गात आता त्याचं नाव 'बाहेर-जाऊ-का' पडलंय, हात वर आहे ना म्हणून.

माझ्या कागदाची छोटी नक्कल सोबत ठेवते. बघून हस आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
भिंगरी

•

दि. १९ जुलै

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. चूळ भरणं आणि दात घासणं यात फरक आहे, तो सुट्टीत आलीस की माझ्या खुर्चीत बसवून समजावीन. माझ्या खुर्चीत बसलेली माणसंसुद्धा हात वर करतात, पण ती दुखलं म्हणून. तुमच्या त्या माणसाला दुखत नव्हतं, हे तुझ्या नकलेवरून मला दिसतंय.

आता थट्टा बाजूला. तो हात उजवा आहे का? बोटं फाकलेली आहेत का? डावा पाय मागे अडकवलाय की उजवा? एकट्या तुझ्या कागदावरून नीट कळत नाही. बाकीच्या मुलांच्या कागदांच्या नकला करून धाड, आणि बाबांना यातलं काही कळवू नकोस. त्याचं रक्तदाब-पुराण तुला ठाऊकच आहे.

दोन दिवस माझं कामात लक्ष नाही. काल एकाचा चांगला दात काढता काढता राहिले. वेळेवर जेवत जा, आणि पत्राला उशीर लावू नकोस.

तुझी,
आत्या

•

दि. २ ऑगस्ट

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

नकला सोबत आहेत. हात उजवा, बोटं फाकलेली, डावा पाय मागे. तुला कसं कळलं?

इथे गंमत संपली आहे. सरांनी लाकडी खुर्ची काढून लोखंडी स्टूल ठेवलं, तरी तोच माणूस उरला. मग मी जागा बदलून दारापाशी बसले, तर तिथूनही तो मला समोरूनच आला. सगळ्यांचे कागद ताडून पाहिले. आत्या, तो माझ्याकडे वळला होता. सर आता ओरडत नाहीत. परवा त्यांनी स्वतः कोळसा घेतला, काढलं, कागदाकडे बघत राहिले आणि हात न पुसताच निघून गेले. आमच्या प्रत्यक्ष मॉडेलच्या तासाला ते सांगतात की जिवंत माणूस अर्ध्या तासावर निश्चल बसूच शकत नाही, अंगाला रग लागते, म्हणून त्याला विश्रांती द्यायची असते. हा मात्र हलायचं नाव घेत नाही.

आणि मला भीती वाटते ती वेगळीच. गुरुवारी कँटीनमध्ये मी चहा घेऊन बसले होते. मैत्रीण आली तेव्हा चहावर साय धरली होती आणि माझा उजवा हात वर होता. ती आधी हसली, मग मला गदागदा हलवायला लागली. काल जिन्यावर पुन्हा तसंच झालं. मला सगळं ऐकू येतं, दुखत काही नाही, फक्त हलता येत नाही. कुणीतरी काहीतरी म्हणेल आणि मग मी सुटेन, असं वाटत राहतं. एका जागी घटकाभर न टिकणारी मी, आणि मला हे व्हावं!

घरी ये म्हणू नकोस. एकदा आले तर बाबा परत पाठवणार नाहीत. पण काहीतरी लिही, आणि लवकर लिही.

तुझी,
भिंगरी

•

दि. ७ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

घाबरू नकोस. तो तुझा धाकटा काका आहे.

घरात त्याचं नाव निघत नाही, म्हणून तुला एवढंच ठाऊक असेल की तो रागावून कुठेतरी निघून गेला. तो तुझ्याच कॉलेजात होता. आम्ही लहानपणी एकच खेळ खेळायचो. मी 'स्टॅच्यू' म्हणायचं आणि त्याने असेल तसं थिजायचं. आमचे नियम कडक होते. ज्याने स्टॅच्यू म्हटलं त्यानेच 'ओव्हर' म्हणायचं, दुसऱ्या कुणाचं चालायचं नाही, आणि मग 'स्टॅच्यू' म्हणायचा हक्क सुटलेल्याचा. डावा पाय मागे अडकवून तो इतका स्थिर बसायचा की माशी नाकावर बसली तरी हलायचा नाही. त्याच गुणावर कॉलेजात तो वर्गासाठी मॉडेल म्हणूनही बसायचा.

शेवटच्या सुट्टीनंतर मी त्याला बसवर सोडायला गेले. खिडकीत बसून त्याने निरोपाला हात वर केला आणि मला लहर आली, मी खालून ओरडले, 'स्टॅच्यू!' तो थिजला, डोळ्यांनी हसत. तेवढ्यात बस सुटली. कोपऱ्यावर वळेपर्यंत तो हात तसाच होता. कॉलेजकडून नंतर इतकंच कळलं की तो वर्गासमोर बसला होता, मुलं चहाला गेली आणि परतली तेव्हा खुर्ची रिकामी होती. शोधायचं तेवढं शोधलं.

तीस वर्षं मी त्याला जिवंत धरून चालले आहे. कुठेतरी असेल, टक्कल पडलं असेल, येईल एक दिवस दात दाखवायला. आता ओव्हर म्हटलं की तो जाईल, आणि मला वाट बघायलाही कुणी उरणार नाही. फार जड जातंय गं. पण तुझा हात वर राहिलेला मला चालणार नाही. सोमवारी येते. सरांना सांग, एक म्हातारी तुमच्या चौथऱ्याशी मिनिटभर उभी राहील.

तुझी,
आत्या

•

दि. १६ ऑगस्ट

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलीस ना? तू 'ओव्हर' इतक्या हळू म्हणालीस की चौथऱ्याजवळच्यांनाही ऐकू गेलं नाही. पण नंतर पुन्हा लाकडी खुर्ची ठेवून आम्ही काढलं तेव्हा बाराही कागदांवर नुसती खुर्ची उरली. सर सगळ्यांना 'छान' म्हणाले, जे ते कधीच म्हणत नाहीत. मी आता पूर्वीसारखी धावते आहे, काल दोन बाटल्या फोडल्या. तुझे उपकार मानले तर तू रागावशील, म्हणून मानत नाही.

एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. तू फाटकाकडे चालली होतीस तेव्हा मी खिडकीतून, सवयीने, तुझ्याभोवतीची जागा काळी केली. तुझ्या डाव्या हाताला कागद कोरा राहिलाय. तुझ्याहून वीतभर उंच. आता त्याचे दोन्ही हात खाली आहेत.

तू बरी आहेस एवढं लगेच कळव. मी इथे तुझ्या अक्षराकडे डोळे लावून बसले आहे.

तुझी,
भिंगरी

•

दि. २३ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे. बसमध्ये शेजारच्या सीटवर कुणीही बसलं नाही, लोक उभे राहिले पण बसले नाहीत. तेव्हाच मी ओळखलं.

तू नियम विसरलीस, मी नाही. आता म्हणायचा हक्क त्याचा आहे. तो लबाडी कधी करत नसे, फक्त चांगला क्षण गाठायला वेळ घ्यायचा. मी हसत असेन तेव्हाच म्हणेल, हे मला पक्कं माहीत आहे. खरं सांगू, भीती वाटते, आणि तरी इतक्या वर्षांत घर असं भरलेलं वाटलं नव्हतं.

तू शीक. चांगली शीक. काही कानावर आलं तर पुस्तकं टाकून धावत येऊ नकोस, आणि कुणी मला गदागदा हलवू नये एवढं बघ. दात घासत जा.

तुझी,
आत्या

•

दि. ३० ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या अभ्यासात व्यत्यय आणायचा नव्हता, पण आत्याचं कळवायलाच हवं. मंगळवारी शेवटचा पेशंट गेल्यावर ती दवाखान्यात पेशंटच्याच खुर्चीत बसलेली सापडली. श्वास चालू आहे, नाडी उत्तम, डोळे उघडे. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, कुणाला काही सापडत नाही. तिला घरी आणून खिडकीपाशी बसवलं आहे. उजवा हात वर आहे, तो खाली घ्यायला गेलो तर येत नाही. आणि चेहरा हसरा आहे, लहानपणी असायचा तसा. मला ते बघवत नाही.

तिच्या टेबलावर तुझी पत्रं होती, ती मी वाचलेली नाहीत. तुमचं दोघींचं काय चाललं होतं ते तू सांगशील तेव्हा सांग. तुमच्याकडे माणसं समोर बसवून चित्रं काढतात म्हणून एवढंच विचारतो, उलट टपाली उत्तर दे. माणूस असा किती वेळ बसू शकतो?

तुझे,
बाबा