कॉलरीची दोन टोकं

४ मार्च, रविवार

आजही हात हलवत आली! सलग तिसरा रविवार. एकदा म्हणे कंबर, एकदा म्हणे पाहुणे, आज काय तर मशीनचा पट्टा तुटला. पट्टा तुटला तर तोंड का पाडून बसली होती? धड बघतसुद्धा नव्हती माझ्याकडे.

नियम कुणी काढला? हिनेच, माझ्या नणंदेने. "वहिनी, आपल्याला कुणी विचारणारं नाही म्हणून आपलं काही होत नाही. दर रविवारी तू मला विचार, मी तुला." इतकी वर्षं एकाच कारखान्यात – मी नुसत्या कॉलरी जोडते, पुढच्या मशीनवर ती नुसत्या बाह्या. अख्खा सदरा दोघींनाही येत नव्हता. सांगितलं तर लोक हसतील! मी तिला कॉलर शिकवली, तिने मला बाही. रविवारी घरी शिवलेला एकेक अख्खा सदरा आणायचा, उलटा करायचा, चुकलं तिथे ब्लेड घालून उसवायचं. रडायचं नाही. 'छान' म्हणायचं नाही – म्हटलं तर चहा नाही.

कोपऱ्यावरचा म्हातारा टेलर दुकान सोडतोय. ३१ तारखेला दोघींनी त्याच्यासमोर बसून सदरा शिवायचा. दोन्ही पसंत पडले तर चावी आमची. आणि ही बया मला पट्टा तुटला सांगते!

हे म्हणाले, "बहीण आहे माझी, जरा सबुरीने घे." म्हटलं, बहीण तुमची असेल, जोडीदारीण माझी आहे.

७ मार्च

कामावर बोलली नाही. मीही नाही. मशिनीच काय त्या बडबडत होत्या.

११ मार्च, रविवार

आली. पुन्हा रिकामी. मी मात्र माझा सदरा तिच्या पुढ्यात टाकला. तिने उलटा केला, कॉलरीवरून हात फिरवला. किती वेळ! मी ब्लेड पुढे केलं. घेतलं नाही. नीट घडी घातली आणि म्हणाली, "छान झालाय, वहिनी."

छान!

मी भडकलेच. "ठमे, उसवायचा कंटाळा आला की माझा?"

तर म्हणते, "दुकान राहू दे ना. काय कमी आहे आपल्याला?"

"शेपूट घालायची असेल तर सरळ सांग!"

"मला जाब विचारणारी तू कोण गं?"

मी कोण? तूच नेमलंस मला! तूच!

तिच्या वाटणीचा चहा मोरीत ओतला. नियम म्हणजे नियम. मग मोरीशीच बसून रडले. तोही नियम मोडला.

१२ मार्च

वाटलं होतं, सकाळी हाक मारेल. नाही मारली.

१५ मार्च

इस्त्रीवालीने आज दात काढत विचारलं, "काय गं, नणंदेला उपाशी ठेवतेस का? जेवणाच्या सुट्टीत सगळ्या डबे उघडतात, आणि ती तुझ्या कॉलरी उसवत बसते."

माझ्या?

"मग कुणाच्या? उसवते, परत जोडते, गुपचूप गठ्ठ्यात सरकवते. कधीचं चाललंय! तुला ठाऊक नाही?"

मी सुट्टीत ह्यांना वाढायला घरी जाते. मला कुठून ठाऊक असणार!

म्हणजे तोंडावर 'छान' आणि पाठीमागे ब्लेड! माझं काम फाडते, तेही मी शिकवलेल्या हाताने. माझ्यात खोट काढून दुकान एकटीने घ्यायचं असेल. घे बाई. पण निदान समोर बसून तरी फाडायचं. अशा बाईला मी माझी म्हटलं होतं.

१७ मार्च, शनिवार

तिचं खोटं पकडायचं म्हणून तो 'छान' सदरा काढला. दारात उजेडाला धरला. मला तर कॉलर सरळच दिसली. मग मधोमध दुमडून टोकाला टोक लावलं. लागेचना. एक टोक नखभर लांब. बोटाला कळलं, डोळ्याला नाही. मागचे सदरे काढले. तेही तसेच. सुईत दोरा मी थंडीपासून अंदाजानेच ओवतेय. मला वाटायचं, दोराच हलका आलाय!

ठमे, कधीपासून दिसतंय तुला? तुझा सदरा माझ्याहून चांगला होतोय, शेजारी ठेवला तर मला कळेल, म्हणूनच आणत नव्हतीस ना? उपाशी राहिलीस, दुकानावर पाणी सोडलंस, आणि मला छान म्हणालीस. मग मला विचारणारं कोण उरलं गं?

उद्या रविवार. ब्लेड घेऊन ये. माझ्यासमोर बसून उसव, आणि कधीपासून ते सांग. उद्याच.